एनर्जी ड्रिंकमधल्या कोणत्या घटकांतून खरोखर ऊर्जा मिळते?

शरीराला इंधन म्हणून वापरता येईल अशी ऊर्जा या पेयांत जवळजवळ सगळी साखरेतूनच मिळते. रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे साखर असते आणि ग्रॅमला ४ याप्रमाणे तिच्या साधारण ११० कॅलरी होतात. त्याच कॅनमधले ८० मिलिग्रॅम कॅफीन ऊर्जा देत नाही. थकव्याची जाणीव करून देणारे अडेनोसिन हे रसायन मेंदूत ज्या जागी चिकटते त्या जागा कॅफीन अडवून धरते, त्यामुळे थकवा तसाच राहतो, फक्त काही तास जाणवत नाही. ब जीवनसत्त्वे अन्नातली ऊर्जा मोकळी करण्यास मदत करतात, पण शरीरात त्यांची कमतरता नसेल तर जादा मात्रेने उत्साह वाढत नाही.