घरचे सोयाबीन बियाणे आणि गावाबाहेर जाणारा पैसा : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

दारव्हा, कारंजा आणि मंगरूळपीर या भागांतून खरिपाच्या तोंडावर जे प्रश्न आले आहेत, ते वरवर वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. गावात बियाणे असताना गाव दुकानातून बियाणे आणते आणि त्यासाठी उधारी करते. त्यामुळे उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटातील अकरा जणींनी मागील हंगामातील सोयाबीन राखून ठेवले आहे. उगवण तपासली तेव्हा ६२ टक्के निघाली. कृषी केंद्रवाले म्हणतात की सत्तरच्या खालचे बियाणे पेरले तर वावर पडीक राहील. ते विकून दुकानातील बियाण्याच्या पिशव्या घ्याव्यात काय?

उत्तर : विकू नये. आधी हे सांगा की तपासणी कशी केली. अकरा घरांचे दाणे एकत्र करून एकच चाचणी घेतली असेल, तर ६२ हा आकडा कोणाच्याच पोत्याचा नाही. एखाद्या घरचे बियाणे ८० टक्के उगवणारे असेल आणि दुसऱ्या घरचे ४५ टक्के. प्रत्येक घरच्या पोत्यांतून वरचे, मधले आणि तळाचे दाणे काढून सरसकट शंभर दाणे मोजावेत. चांगले टपोरे दाणे निवडून मोजले तर फसगत आपलीच होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून दुसरे ओले गोणपाट वर घालावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे आणि सातव्या दिवशी मोजावे. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढावी. ज्या दाण्याला मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तोच उगवलेला धरावा. मागील वर्षी एका ओसरीवर मी स्वतः मोजायला बसलो होतो. घरची मावशी नुसता फुगलेला दाणाही ‘हा उगवतेच’ म्हणून चांगल्या बाजूला सरकवत होती, आणि तिच्या हिशेबातले ७८ माझ्या मोजणीत ६६ निघाले.

सत्तर टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे. म्हणजे ६२ टक्क्यांचे बियाणे एकरी ३४ किलो वापरले की रोपांची संख्या भरून निघते, वावर पडीक राहत नाही. मात्र ६० च्या खालचे बियाणे पेरू नये, ते धान्य म्हणून विकावे. उगवण कमी आली म्हणून एकरी ४५-५० किलो पेरण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. तो ऐकू नये. दाट पेरलेले सोयाबीन उंच वाढते, लोळते आणि शेंगा कमी धरते.

प्रश्न : हे बियाणे गटाने गावातच विकले तर चालते काय, आणि त्यातून खरोखर काही उरते काय?

उत्तर : चालते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील पिशवीत, नाव व लेबल लावून विकता येत नाही, एवढीच अट आहे. तेव्हा साध्या पोत्यात द्यावे आणि कोणी कितीही सांगितले तरी पिशव्या छापून घेऊ नयेत.

उरते किती, याचा हिशेब गटाच्या बैठकीत पाटीवर मांडावा. गावात सोयाबीनखाली ३०० एकर असतील आणि ३० किलोची पिशवी तीन हजार रुपयांना धरली, तर पेरणीपूर्वीच नऊ लाख रुपये गावाबाहेर जातात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने ३० किलो दाण्याची किंमत सोळाशे रुपयांच्या आतच भरते. म्हणजे घरचे बियाणे पेरले तर एकरी चौदाशे वाचतात, गावाचे मिळून चार लाख वीस हजार. त्यातून चाळणी, निवड आणि बीजप्रक्रियेचा (पेरणीआधी बियाण्याला औषध व जिवाणू लावण्याचा) खर्च वजा केला तरी मोठी रक्कम गावात खेळती राहते, आणि निवडणीची मजुरी गावातल्याच बायांच्या हाती पडते. शिवाय पिशवी उधारीवर आली की तिच्यासोबत दुकानदार सांगेल ते खत आणि सांगेल ते टॉनिकही येते. खताच्या गोणीसोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणे बेकायदेशीर आहे. तसे कोणी केले तर पक्के बिल मागावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. पक्के बिल नसेल तर पुढे कोणाला काही करता येत नाही, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कच्च्या चिठ्ठ्या घेऊनच लोक येतात.

योजनांबद्दल थोडक्यात : अनुदानित प्रमाणित बियाण्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. शेतकरी उत्पादक कंपनीच्या केंद्रीय योजनेत मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात आणि व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. अकरा जणींच्या गटाने आजच त्यामागे लागू नये. आधी दोन हंगाम बियाण्याचा व्यवहार चोख करून दाखवावा.

खरे काम पुढच्या खरिपासाठी आहे आणि ते या पेरणीपासूनच सुरू होते. प्रत्येकीने निळ्या खुणचिठ्ठीचे प्रमाणित बियाणे निदान एका एकरात पेरावे. त्याचे उत्पादन पुढची दोन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते. फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडे उपटून टाकावीत. कापणीत पाऊस सापडला तर तो प्लॉट बियाण्यासाठी धरू नये. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या दरम्यान ठेवावेत. यंत्रवाला घाईत असतो, तो फेरे वाढवतो आणि बियाण्याची डाळ करतो. सोयाबीनचे साल इतके पातळ असते की ट्रॉलीतून आपटलेल्या पोत्याचीही उगवण घटते. दाणे १२ टक्के ओलाव्याच्या आत वाळवून तागाच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर ठेवावेत आणि पोत्यांची थप्पी सात फुटांपेक्षा उंच रचू नये.

प्रश्न : दुकानातून बीजप्रक्रियेसाठी चार पुड्या व दोन बाटल्या दिल्या आणि सर्व एकत्र कालवून, थोडे जास्तच लावा असे सांगितले. तसे करावे काय?

उत्तर : अजिबात करू नये. कार्बोक्सिन व थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम, पुरेसे आहे. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली लावावे. जास्त लावले म्हणून जास्त उगवत नाही, कोंबाला इजा मात्र होते. रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम किलोला, सर्वांत शेवटी, पेरणीच्या आधी सावलीत लावावेत. जिवाणू आणि बुरशीनाशक एकत्र कालवले की जिवाणू मरतात आणि तुम्ही नुसती माती विकत घेतलेली असते. पाणी अगदी कमी वापरावे व बियाणे चोळू नये, साल सुटते. हातमोजे घालावेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत माणसे गेली, हे या भागात कोणाला नव्याने सांगावे लागू नये. उरलेल्या टॉनिकच्या बाटल्या बिलासह परत कराव्यात.

प्रश्न : मृग लागताच पेरा, नाहीतर हंगाम जाईल असे सांगतात.

उत्तर : नक्षत्र पाहून पेरू नये, ओल पाहून पेरावे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण वावरात नेऊ नये. पहिल्या सरीवर पेरले, पुढे खंड पडला की दुबार पेरणी येते आणि दुसऱ्या पिशवीची विक्री कोणाची होते, हे वेगळे सांगायला नको. बियाणे ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. खोल गेलेल्या दाण्याचा कोंब वर येत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो.

पाऊस लांबला तर रसायन लावलेले बियाणे घरात उरते, म्हणून ओल पुरेशी झाल्यावर लागेल तेवढ्यालाच लावावे. तरीही उरले तर ते बाजार समितीत नेऊ नये, जनावरांना घालू नये आणि धुऊन वाळवूनही दळायला देऊ नये.