पडकं घर मनात भरलंय? मग आधी हे बघा

फिरता फिरता पडक्या घराच्या प्रेमात पडलात, म्हणजे पडकी घरं घेऊन दुरुस्त करणाऱ्या आमच्याच जमातीत आलात! घाई मात्र नको. तेच घर भर पावसात पुन्हा बघा. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, हे कोरड्या दिवसांत कळत नाही. खर्च आधी छपरावर आणि निचऱ्यावर. रंग, फरशा शेवटी. (मी उलट केलं. पहिल्याच पावसात रंगाचे पोपडे हातात आले.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मालक कोण, वारस किती, हे न विचारताच नकाशे काढत बसतात.
- चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. ओल आतच कोंडते.
- न विचारता आत शिरून कुजक्या माळ्यावर चढतात.

तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज रुतला तर लाकूड गेलं समजा. अशा भिंतींना लागणाऱ्या चुन्याच्या गिलाव्याची प्रमाणं वगैरे नंतर सांगतो. तोवर फिरणं चालू ठेवा.