हुर्यो कुणाची?

प्रश्न : २०२२ मध्ये युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा युक्रेनने जिंकली. मतं गाण्याला पडली की युद्धाला?

उत्तर : दोन्हीला, आणि हिशेब उघड आहे. परीक्षकांनी युक्रेनच्या 'स्तेफानिया' या गाण्याला १९२ गुण देऊन चौथं ठेवलं. प्रेक्षकांनी ४३९ ओतले, ४६८ पैकी! सहानुभूतीशिवाय एवढे पडले नसते, हे मान्य. पण गाणं टुकार होतं असं म्हणू नका. आईवरचं ते रॅप आणि मध्येच घुमणारी बासरी मला अजून आवडते.

'राजकारण आणू नका' म्हणणाऱ्या चाहत्यांची मात्र गंमत वाटते. ग्रीस-सायप्रस दोस्तीखातर एकमेकांना सर्वाधिक, म्हणजे बारा गुण देतात तेव्हा हीच मंडळी हसत टाळ्या पिटतात.

मला खटकली ती २०१४ची कोपनहेगनमधली हुर्यो. रशियाने युक्रेनचा क्रायमिया बळकावल्याचा राग होता, रास्तच होता. पण समोर रशियाकडून गाणाऱ्या सतरा वर्षांच्या जुळ्या बहिणी उभ्या होत्या. रशियाला गुण मिळाले की सभागृह ओरडायचं. त्या पोरींनी काय रणगाडे पाठवले होते? राग काढायचा तर मत देऊ नका ना. आणि हो, २०१६मध्ये प्रेक्षकांची सर्वाधिक मतं रशियालाच होती, परीक्षकांचे गुण धरून मात्र जिंकलं युक्रेन. तेव्हा प्रेक्षक म्हणजे एकच डोकं, असं समजू नका.