प्रश्न प्रीकास्टचे: फुटका माल टेबलावर ठेवा

नाशिक विभागातल्या प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या मालाच्या) उत्पादकांच्या विभागीय अधिवेशनाची तयारी सुरू आहे. त्या निमित्ताने या वेळी सदराकडे आलेली पत्रं जवळजवळ सगळी याच धंद्यातली आहेत: पेव्हर, यू-गटार, ढापे (गटारावरच्या लाद्या), चेंबरची झाकणं, रेडीमेड कंपाउंड (पोस्ट म्हणजे खांब आणि आडव्या पट्ट्यांची भिंत). मोठे गर्डर ओतणाऱ्यांकडे स्वतःचा डिझाइनर आणि स्वतःची लॅब असते. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत, त्यांच्यासाठी ही उत्तरं.

आमच्या संघटनेचं एक दिवसाचं अधिवेशन आहे, दीडशे लोक येतील. दरवेळी सत्कार, भाषणं आणि जेवण यांतच दिवस जातो. तांत्रिक सत्र कामाचं व्हावं म्हणून काय करावं? लॉन्सवर एक बॉक्स कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोरीचा चौकोनी नग) हायड्रा क्रेनने उचलून दाखवायचाही विचार आहे.
— संयोजक, सातपूर

सत्कार जेवणाच्या तोंडावर ठेवा, आपोआप आटोपतात.

तांत्रिक सत्रासाठी पाहुणा शोधण्याआधी आपल्याच सभासदांची क्यूब चाचणी लावा, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे मशीनवर दाबून फोडायचे आणि ताकद मोजायची. एका गाळ्यावर, एकाच मिलरमध्ये (मिक्सरमध्ये), एकच बॅच काढायची. १५० मिमीच्या क्यूबला साधारण ३.४ लिटर काँक्रीट लागतं. दहा जणांना प्रत्येकी तीन म्हणजे ३० क्यूब. सांडलवंड धरून १२० लिटर पुरे. दुसऱ्या दिवशी साचे उघडून नंबर टाकायचे आणि सत्ताविसाव्या दिवसापर्यंत सगळे क्यूब एकाच टाकीत ठेवायचे. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून वाटायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या नेहमीच्या लॅबमध्ये फोडायचे. निकाल बंद पाकिटात. म्हणजे अधिवेशनाच्या निदान पाच आठवडे आधी ओतणी झाली पाहिजे.

पाकिटं उघडल्यावर आकडे एकसारखे निघणार नाहीत, आणि चर्चा तिथूनच सुरू होते. आयएस ५१६ या भारतीय मानकाप्रमाणे भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी या गतीने वाढवायचा, म्हणजे १५० मिमीच्या क्यूबवर मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. चौरस मिमीला ३८ न्यूटन ताकदीचा क्यूब फुटायला पावणेतीन मिनिटं लागायला हवीत. कुणाचा चाळीस सेकंदांत फुटला असेल, तर त्याचा आकडा फुगलेला आहे. क्यूब वाळवून फोडला तरी आकडा चढतो. थापीने सपाट केलेली बाजू मशीनच्या प्लेटखाली आली, किंवा प्लेटवर आधीच्या क्यूबची कच राहिली, तर आकडा पडतो. एकाच लॅबच्या तीन क्यूबमध्ये कुठलाही एक सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब गेला, तर तो संच आयएस ४५६ प्रमाणे बादच.

दुसरं, हॉलच्या दाराशी एक लांब टेबल लावा आणि प्रत्येकाला आपला एक बिघडलेला नग आणायला सांगा: कोपरा उडालेला पेव्हर, मधोमध तडकलेला ढापा, सळई उघडी पडलेली पोस्ट. चांगला नमुना सगळेच आणतात, आणि त्यातून समोरच्याला काही शिकता येत नाही. नगाबरोबर एक चिठ्ठी हवी, तिच्यावर ओतल्याची तारीख, सिमेंटचा प्रकार, पाणी, साचा किती तासांनी उघडला आणि बिघाड केव्हा दिसला एवढं लिहिलेलं. कारखान्याचं नाव नको. नाव लिहायला लावलंत तर टेबल रिकामं राहील.

आता कल्व्हर्ट. आतून १ बाय १ मीटर, भिंत १५० मिमी, लांबी १ मीटर असा नग सुमारे १.७ टनांचा होतो. साखळी चार हुकांची असली तरी हिशेब दोन पायांचाच (साखळीच्या फाट्यांचाच) धरा. नग ताठ असतो, त्यामुळे भार बहुतेक समोरासमोरच्या दोन हुकांवर येतो आणि उरलेले नुसते लोंबतात. साखळीचा आडव्या पातळीशी कोन ६० अंश असेल तर एका पायावर जवळपास १ टन ताण येतो. साखळी आखूड घेतली आणि कोन ३० अंशांवर आला, तर तोच ताण १.७ टन, म्हणजे नगाच्या पूर्ण वजनाइतका. हुक उपटून येण्यामागे बऱ्याचदा आखूड साखळीच असते. लॉन्सच्या गवताखाली भुसभुशीत माती आणि पाण्याच्या नळ्या असतात, हायड्राचं चाक तिथे रुतणारच. प्रात्यक्षिक पार्किंगच्या पक्क्या जागेवर घ्या आणि क्रेनची बूम (हात) जितकी लांब, तितक्या अंतरावर दोरी बांधा.

एकाच क्रशरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरतो. एक दिवस ०.८ टक्के केमिकलमध्ये (पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं करणाऱ्या) मिश्रण छान वाहतं, दुसऱ्या दिवशी १.२ टक्के टाकूनही घट्ट. केमिकलवाले सिमेंटला दोष देतात, सिमेंटवाले केमिकलला.
— यू-गटार उत्पादक, दिंडोरी

बहुधा दोघंही निर्दोष आहेत. खाणीकडे बघा.

आपला काळा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो, शिवाय कुजलेल्या, भोकाभोकाच्या दगडात हिरवट चिकणमाती भरलेली असते. सुरुंग लावल्यावर हा सगळा माल चांगल्या दगडाबरोबर क्रशरमध्ये जातो. या चिकणमातीत शेतातल्या काळ्या मातीच्याच जातीची, पाण्याने फुगणारी माती असते. पॉलिकार्बोक्सिलेट जातीच्या केमिकलचे रेणू तिच्या पापुद्र्यांत शिरून बसतात, सिमेंटपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून डोस वाढवत नेला तरी गटाराच्या साच्यात काँक्रीट उतरत नाही.

चाळणीच्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो. दगडाचीच पूड असेल तर १२ टक्क्यांनीही बिघडत नाही. फुगणारी माती ३ टक्के असली तरी काम बिघडवते. चाळणीला दोन्ही सारखीच.

त्यासाठी मिथिलिन ब्ल्यूची चाचणी आहे. २ मिमीच्या चाळणीखालची २०० ग्रॅम कोरडी वाळू अर्धा लिटर शुद्ध पाण्यात ढवळत ठेवायची. लिटरला १० ग्रॅम रंग असं द्रावण करून ते ५-५ मिली टाकत जायचं. दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा. मधे गडद ठिपका उमटतो. मातीला रंग शोषता येतो तोवर ठिपक्याभोवतीचं पाणी स्वच्छ राहतं. ती भरली की फिकट निळी कडा दिसते. कडा ५ मिनिटं टिकली की थांबायचं. एकूण किती मिली लागले याला २०० ने भागून १० ने गुणलं की आकडा मिळतो. रोजच्या कामाला तो आकडाही नको. ज्या गाडीच्या मालावर काम उत्तम झालं, तिला किती मिली लागले ते दारावर लिहून ठेवा. नव्या गाडीला दुप्पट लागले तर ती रिकामी करून घेऊ नका.

क्रशरवाल्याला सांगण्यासारखं एकच: जबड्यात जाण्याआधी मुरूम चाळून काढ. धुतलेली वाळू हा दुसरा मार्ग, पण धुताना दगडाची उपयोगी पूडही वाहून जाते आणि गटाराच्या पातळ भिंतीत मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. नॅप्थॅलिन जातीचं केमिकल या मातीला कमी बळी पडतं, तेही करून पाहा. पाणी मात्र वाढवू नका.

पाण्यावरूनच आठवलं. वाळूची ओल रोज मोजता का? ५०० ग्रॅम वाळू कढईत कोरडी होईपर्यंत भाजा. ३० ग्रॅम घटली तर ओल सुमारे ६ टक्के. त्यातले २ टक्के वाळूने स्वतः शोषलेले धरले तर ४ टक्के मोकळं पाणी उरतं. घनमीटरला ७५० किलो वाळू असेल तर हे झालं ३० लिटर. ४०० किलो सिमेंटला १६० लिटर ठरलेलं असताना हे वजा केलं नाही, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० वरून ०.४७ च्या पुढे जातं.

ग्रामपंचायतीने ‘२० टनी’ झाकणं मागितली. आमची झाकणं त्याहून हलक्या ट्रॅक्टरखाली फुटली. असं कसं?
— झाकण उत्पादक, सिन्नर

आयएस १२५९२ मध्ये झाकणांचे वर्ग आहेत: २.५, १०, २० आणि ३५ टन. हा मशीनवर झाकणाच्या मध्यभागी दिलेला चाचणीचा भार आहे, आणि ती चाचणी झाकण चौकटीत सर्व बाजूंनी सपाट टेकलेलं आहे असं धरून होते. तुमचं झाकण बहुधा तीनच ठिकाणी टेकत असेल. चौकटीच्या बैठकीवर मॉर्टर सांडलेलं असतं, किंवा चौकट बसवताना पिळलेली असते. मग प्रत्येक चाकाबरोबर झाकण डुगडुगतं आणि आदळून फुटतं. गाळ्यावरच चौकट आणि झाकणाची जोडी लावून हाताने चारही कोपरे दाबून बघा. जोडीला एकच नंबर द्या.

हिवाळ्यात सकाळी साचे उघडताना कडा तुटतात. उन्हाळ्यात त्याच वेळेला काही होत नाही. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे.
— ढापे उत्पादक, निफाड

निफाडची थंडी तुम्हाला नव्याने सांगायला नको. ताकद किती आली याचा हिशेब असा: काँक्रीटच्या तापमानात १० मिळवा आणि तासांनी गुणा. उन्हाळ्यात रात्रभर सरासरी २८ अंश, १४ तास: ३८ गुणिले १४ म्हणजे ५३२. हिवाळ्यात सरासरी १२ अंश असेल तर ५३२ गाठायला २२ ने भागा, २४ तास लागतात. तुम्ही दहा तास लवकर साचा उघडताय. पीपीसी थंडीत आणखी रेंगाळतं, म्हणून थोडा वेळ वर धरा.

साचे दुप्पट करणं परवडत नसेल तर पाणी तापवा. सगळे घटक मिळून बघता पाणी ३० अंशांनी गरम केलं की मिश्रण साधारण ७ अंशांनी ऊबदार होतं. गरम पाणी आधी खडी-वाळूवर घाला, सिमेंट नंतर. ओतल्याबरोबर ताडपत्री झाका, लोखंडी साच्याच्या बाजूंनाही. सकाळपर्यंत लोखंडच ऊब ओढून घेतं. तीन-चार महिने ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) वापरणं हाही सरळ उपाय आहे.

वाफ देणार असाल तर ओतल्यावर निदान ३ तास थांबा. घाई केली की कच्च्या काँक्रीटमधली हवा आणि पाणी फुगून बारीक चिरा पडतात. मग तासाला १५ ते २० अंशांहून जास्त चढवू नका, ६० ते ६५ वर थांबा आणि उतरवतानाही तसंच सावकाश. ७० च्या वर नेलेला माल महिन्या-वर्षांनी ओल लागून आतून फुगू शकतो, आणि तोवर तो गिऱ्हाइकाच्या दारात असतो. वाफेनंतरही पाणी मारणं चुकत नाही.

द्राक्षबागेला रेडीमेड कंपाउंड बसवलं. एका पावसाळ्यात पोस्ट कलल्या, काही वर उचलल्या. मालात दोष नाही, तरी शेतकरी पैसे अडवतो.
— कंपाउंड उत्पादक, पिंपळगाव

दोष मालात नसेलही, खड्ड्यात आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. खोल काळ्या मातीत हा खेळ साडेतीन मीटरपर्यंत चालतो. दोन फुटांचा खड्डा त्या खेळाच्या मधोमध बसतो. त्यात कुदळीने खणलेला खड्डा वर रुंद, खाली अरुंद होतो. मग फुगणारी माती त्या पाचरीला बगलेत धरून वर ढकलते. उलटं हवं: बाजू सरळ, आणि फक्त तळाशी रुंद. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर तिथपर्यंत जायचंच, ऑगर (जमिनीत भोक पाडणारं यंत्र) लावून. त्याहून खोल असेल तर दर आधी सांगा, नंतर भांडू नका.

खड्ड्यात पोस्टभोवती वाळू भरू नका, तिथे पाण्याचं डबकं होतं. सगळ्यात खालची पट्टी जमिनीपासून ५० ते ७५ मिमी वर ठेवा. ती मातीत टेकवलेली असली की माती फुगल्यावर पट्टीसकट पोस्ट उचलते. खाचेत पट्ट्या मॉर्टरने जाम करायच्या नाहीत, त्यांना थोडी हालचाल हवी. ठिबकची मुख्य नळी भिंतीला लागून नेऊ देऊ नका; एका बाजूची माती कायम ओली राहिली की पोस्ट कलते.

वाऱ्याचंही बघा. आयएस ८७५ मध्ये नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. बाकीचे घटक सोडून ढोबळ मानाने चौरस मीटरला ९० किलो दाब. ६ फुटी भिंत आणि ७ फुटांवर पोस्ट असेल तर एका पोस्टवर साडेतीनशे किलोचा आडवा रेटा. वारा दोन्हीकडून येतो, तेव्हा पोस्टमधल्या सळया दोन्ही बाजूंना हव्यात. एकाच बाजूला सळई टाकून वाचवलेले पैसे वळवाच्या पहिल्या वादळात जातात.

माल पोचून सहा महिने झाले, ठेकेदार म्हणतो ‘वरून बिल निघालं की देतो’. काही कायदा आहे का?
— पेव्हर उत्पादक, अंबड

आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखालच्या थकबाकीच्या वादांच्या मंडळाकडे) ऑनलाइन करता येते.

पण तिथे टिकतो तो कागद. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची असू द्या. चलनावर माल उतरवून घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. नुसता गाडी नंबर पुरत नाही. मालाबद्दल हरकत असेल तर ती घेणाऱ्याने १५ दिवसांत लेखी द्यायची असते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून पोचल्याची तारीख वादात राहता कामा नये. पेव्हरचा पुरवठा आणि बसवण्याची मजुरी यांची ऑर्डर आणि बिलं वेगळी ठेवा. एकत्र असली की समोरचा ‘हा तर कामाचा ठेका आहे’ म्हणून कायद्याबाहेर काढायला बघतो.