जेवण अर्धं करून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या तर वजन सुरक्षितपणे उतरेल का?

नाही, कृपया असं करू नका. व्हिटॅमिनमध्ये कॅलरी नसतात आणि ती चरबीही जाळत नाहीत. अन्नातून ऊर्जा मिळवायला शरीराला ती लागतात, पण अन्नच पोटात गेलं नाही तर नुसती गोळी काय करणार? उपाशी राहून उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायूही जातात, केस गळतात ते वेगळंच. आठवड्याला अर्धा ते १ किलो, एवढाच वेग ठेवा.

जेवण तोडण्यापेक्षा ताट बदला. भात-पोळी थोडी कमी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर जास्त. वरून लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे उसळीतलं, भाजीतलं लोह अंगी लागतं. तेल पूर्ण बंद नको. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषली जातात. त्यातली अ आणि ड शरीरात साठत जातात, म्हणून त्यांच्या गोळ्या मनाने घेणं धोक्याचं.

शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी१२ ची रक्ततपासणी मात्र नक्की करा. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढीच गोळी घ्या.