जुन्या लाकडी दारात लहान मुलाची बोटं चेंगरू नयेत म्हणून काय करावं? पाळणाघर बघताना दारांचं काय तपासावं?

ताई, खानापूरच्या जुन्या घरात राहायला जाताय, मुलगी सव्वा वर्षाची आहे आणि पुढे तिला बेळगावात पाळणाघरात ठेवायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी वडगावात पाळणाघर चालवते. आमच्याकडची बरीच मुलं मागावर काम करणाऱ्या आईबापांची आहेत.

सगळ्यात आधी बिजागरीची बाजू बघा. आपलं लक्ष कडीकडे असतं, कारण दार तिथं आपटतं. पण हाड मोडण्याइतका जोर बिजागरीकडे असतो. समजा, तुम्ही बिजागरीपासून ८० सेंटीमीटरवर हात लावून दार लोटलंत आणि मुलाचं बोट बिजागरीपासून २ सेंटीमीटरवर आहे, तर तुमच्या हाताच्या ४० पट जोर त्या बोटावर पडतो. तुमच्या हाताला मात्र दार जरा अडल्यासारखं वाटतं, आणि दार अडलं की माणूस आणखी रेटतो. खानापूरकडच्या पावसात लाकूड फुगतं, त्यामुळे तिथं दार रेटून लावायची सवय सगळ्यांनाच असते. त्यात मूल दाराच्या मागे बसलेलं असेल तर ते दिसतही नाही.

त्यासाठी ही फट झाकायची. सुताराला सांगून उंबऱ्यापासून चार फुटांपर्यंत मऊ रेक्झिनची पट्टी मारून घ्या, एक कड दारावर, दुसरी चौकटीवर. मारताना दार पूर्ण उघडं ठेवायचं, नाहीतर पहिल्यांदा उघडतानाच पट्टी ताणून फाटते. नुसत्या चुका, म्हणजे बारीक खिळे, मारू देऊ नका, त्या निघतात आणि मुलांच्या तोंडात जातात. कडेवर बारीक लाकडी पट्टी ठेवून स्क्रू बसवायला सांगा. दुकानात तयार प्लॅस्टिकच्या पट्ट्याही मिळतात. दार फुगलंय म्हणून भर पावसात रंधा मारू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की तिथं नवी फट पडेल.

दुसरं म्हणजे वारा. आपल्या जुन्या घरांत पुढचं दार आणि परसाचं दार समोरासमोर असतं. आषाढात एक उघडलं की दुसरं धाडकन आदळतं, कोणी हात न लावता. प्रत्येक दाराला मागे अडकवायचा हूक हवाच, आणि तो खरोखर वापरायला हवा. दाराखाली पाचर किंवा वीट सरकवून भागत नाही, मूल ती काढून खेळायला घेतं. कडीच्या बाजूला फोमचा इंग्रजी सी अक्षरासारखा तुकडा दाराच्या कडेवर बसवतात. तो मुलीच्या हाताच्या वर लावा, खाली लावलात तर चावून तुकडे गिळेल. तो नसेल तर दाराच्या माथ्यावर जाड टॉवेलची घडी टाका, दार पूर्ण मिटतच नाही. दोन फळ्यांच्या दाराला एक फळी कायम बोल्ट लावून बंद ठेवा.

न्हाणीघर आणि संडासाची आतली खालची कडी आजच काढून टाका, किंवा पाच फुटांवर न्या. मूल आत कोंडून घेतं, घाबरतं, आणि आत पाण्याची बादली असेल तर ते दार तोडेपर्यंत थांबता येत नाही. बाहेरून मात्र वरची कडी नेहमी लावलेली असू दे.

आता पाळणाघर. फी आणि खेळणी नंतर विचारा, आधी दारापाशी दहा मिनिटं उभ्या राहा. मुलं सोडायला आणि न्यायला गर्दी होते तेव्हाच बोटं सापडतात, म्हणून संध्याकाळी सुटायच्या वेळी जा. दार एकच मोठं माणूस उघडतं-लावतं, की येणारा प्रत्येकजण लोटून जातो? आमच्याकडे दार हलवायच्या आधी ताई मोठ्यानं "हात मागे" म्हणतात, कन्नड बोलणारी मुलं असतात म्हणून "कै तेगी" पण. आठवड्यात मुलंच एकमेकांना ओरडायला लागतात. मोठ्या भावंडांना दार लावू देत नाही, कारण धाकटं त्यांच्या मागूनच पळत येतं.

गाळ्यात चालणारं पाळणाघर असेल तर शटर मुलं असताना पूर्ण वर आणि पक्कं अडकवलेलं आहे का बघा. काचेच्या दारावर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला रंगीत पट्टी हवी. आणि आवारात रुळावर सरकणारं लोखंडी फाटक असेल तर दोन्ही टोकांना अडथळा आहे का, ते हातानं हलवून बघा. रुळावरून सुटलेलं फाटक मुलाच्या अंगावर पडलं तर बोटावर निभावत नाही. याबाबतीत "करून घेऊ हं" असं उत्तर आलं, तर ते काम होईपर्यंत मुलीला ठेवू नका.

एवढं करूनही बोट सापडलंच तर हळद, कॉफी पावडर, चुना काही लावू नका. डॉक्टरांना आधी ते धुवावं लागतं आणि मुलाला दुप्पट दुखतं. वाहत्या पाण्याखाली धरा, रक्त असेल तर स्वच्छ कापडानं दाबा, हात वर धरा. बर्फ कापडात गुंडाळूनच लावायचा. नख सैल झालं तरी ओढू नका. बोट वाकडं दिसलं, नखाखाली काळंनिळं झालं किंवा मूल बोट हलवत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, एक्स-रे लागू शकतो. टोक तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात, कापड पिशवीत, आणि पिशवीचं तोंड बांधून ती बर्फावर. थेट बर्फात नको. मग १०८ ला फोन करा, किंवा गाडी दारात असेल तर वाट न बघता निघा. धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारतील, म्हणून लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या.