हॉटेलात पेप्सी मागितली की "थम्स अप चालंल का" असंच का विचारतात? दोन्ही कंपन्यांचं का ठेवत नाहीत?

माझ्या मामाचं जालना रोडला छोटं हॉटेल आहे, बारावीनंतर दोन वर्षं मी तिथं गल्ल्यावर बसायचो, त्यामुळं हे जवळून बघितलंय. सगळं फ्रीजवर अवलंबून असतं बघा. काचेच्या दाराचा तो फ्रीज बहुतेक ठिकाणी हॉटेलवाल्याचा नसतोच, कंपनीचा असतो. एजन्सीवाला आणून ठेवतो, बाहेरचा बोर्ड पण करून देतो, त्यावर कंपनीचं नाव मोठं आणि हॉटेलचं खाली बारीक, वर एवढ्या पेट्या उचलल्या की एक फुकट अशी स्कीम. बदल्यात दुसऱ्या कंपनीची बाटली आत दिसायची नाही.

तुम्ही म्हणाल आत तर सहा-सात प्रकार असतात. पण थम्स अप, लिम्का, स्प्राइट, फँटा, माझा, किनलेचं पाणी हे सगळं कोका-कोलाचंच. कोका-कोला १९७७ ला भारतातून गेली, १९९३ ला परत आली तेव्हा पारलेकडून थम्स अप, लिम्का, माझा विकतच घेतले. म्हणजे कोक नको थम्स अप द्या म्हणलं तरी पैसे एकाच घरी. शेजारच्या हॉटेलात मिरिंडा, सेव्हन अप, माउंटन ड्यू, स्लाइस, ते सगळं पेप्सीचं. केएफसी न् पिझ्झा हटला पेप्सीच मिळते कारण त्या १९९७ पर्यंत पेप्सीच्याच मालकीच्या होत्या. दोन कंपन्या भांडतात हे खरंय, पण हॉटेलवाल्याच्या जागेसाठी, गिऱ्हाईक आत यायच्या आधीच ते ठरलेलं असतं. कॅम्पा रिलायन्सनं घेतला न् २०२३ ला दहा रुपयांत बाटली आणली तरी ती गार कुणाच्या फ्रीजात करायची हा प्रश्न राहतोच.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या गावातला एक जण गोटी सोडा भरायचा, मामानं एका उन्हाळ्यात त्याच्या दहा-बारा बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. एजन्सीचा माणूस आला, फोटो काढला, म्हणला परत दिसल्या तर फ्रीज उचलून नेतो. ऐन मे महिन्यात मामा काय करणार, बाटल्या बाहेर टोपल्यात गेल्या, आता गरम सोडा कोण पितंय? पुढच्या उन्हाळ्यात तो माणूस आलाच नाही.

कायद्याचं विचाराल तर २००२ चा स्पर्धा कायदा आहे, कलम ३(४), पण फक्त आमचाच माल ठेवा असा करार सरसकट बेकायदेशीर नाही, बाजारातल्या स्पर्धेला मोठा धक्का बसतो हे दाखवावं लागतं. एका हॉटेलवाल्याला ते कुठून जमणार.

दोन्ही हवं असंल तर टपरीवर जा, जिथं मालकाचा स्वतःचा फ्रीज नाहीतर बर्फाचा डबा आहे. मामानं पण मागच्या वर्षी जुना डीप फ्रीज विकत घेतला, त्यात ताक न् लिंबू सरबत ठेवतो.